साबण, पावडर, क्रीमचा ऋतूनुसार वापर मोजताय? या चुका टाळा

घराघरांतून दोन वर्षं जमवलेली माहिती वाया जाते, ती बहुधा एकाच कारणाने: सणामुळे, किमतीमुळे किंवा गावी गेल्यामुळे पडलेला फरक ऋतूच्या खात्यात जमा होतो. मुंबईत हे फार सहज घडतं.

तिमाहीत ऋतू बसवणं

हवामान खात्याच्या विभागणीत ऑक्टोबर ते डिसेंबर हा एकच काळ आहे. मुंबईत मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात घामोळ्यांची पावडर संपते आणि डिसेंबरअखेर त्याच घरात कोल्ड क्रीम बाहेर निघतं. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही. पावसाचंही तेच. मुंबईत तो पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून, पण 2025 मध्ये तो 26 मे रोजीच आला. म्हणून नोंद आठवड्याची ठेवा आणि प्रत्येक आठवड्यापुढे जवळच्या वेधशाळेचं (सांताक्रूझ किंवा कुलाबा) तापमान, आर्द्रता आणि पाऊस लिहा. ऋतूंच्या सीमा आकडे पाहून नंतर आखा. हिवाळ्यात कुलाब्याचं किमान तापमान सांताक्रूझपेक्षा जास्त असतं, तेव्हा बोरिवलीच्या घराला कुलाब्याचा आकडा लावू नका. दिवसाचे आठ तास एसीत बसणाऱ्याला मे महिन्यातही मॉइश्चरायझर लागतं. ‘एसीत किती तास’ हा प्रश्न हवाच.

सण आणि किंमत विसरणं

गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला येते. दिवाळीही अधिक महिन्यामुळे ऑक्टोबरातून नोव्हेंबरात जाते. या दोन वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवले तर उटणं आणि चंदनाचा साबण वापरणं लोकांनी सोडलं असा भास होईल. सणाच्या आठवड्याची तुलना सणाच्या आठवड्याशीच करा. मे महिन्यात आणि गणपतीत कितीतरी घरं कोकणात जातात. तेव्हाचा रकाना शून्य नव्हे, ‘घरी नव्हतो’ असा भरायचा.

22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू, केसांचं तेल, अंगाचा साबण, टाल्कम पावडर यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. फक्त रुपये नोंदवणाऱ्याला त्यानंतर वापर घटल्यासारखा दिसेल. रुपयांबरोबर ग्रॅम किंवा मिलिलिटर लिहा आणि ग्रॅम व मिलिलिटर एकमेकांत मिसळू नका. 100 मिलि खोबरेल तेलाचं वजन सुमारे 92 ग्रॅम भरतं.

वजनाच्या चुका

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. जुलैत साबणाची वडी वाळतच नाही. मुरलेलं पाणी वजनात येतं आणि वापर कमी भासतो. त्यामुळे साबण तोलू नका. वडी उघडल्याची आणि संपल्याची तारीख घ्या, आणि ती किती माणसांनी वापरली ते विचारा. तीच वडी हात धुवायला बेसिनवर ठेवली होती का, हेही विचारा.

पावडर आणि क्रीम डब्यासकट, झाकणासकट, दर आठवड्याला ठरल्या वारी तोला. चेहऱ्याचं क्रीम आठवड्याला जेमतेम 4 ग्रॅम जात असेल, तर 1 ग्रॅमपर्यंतच दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. दोन वेळच्या मोजणीत मिळून 1 ग्रॅमपर्यंत चूक होऊ शकते, म्हणजे थेट एक चतुर्थांश. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. पावडरीचा खप सुट्टीत एकाएकी वाढलेला दिसला, तर ती कॅरम बोर्डावर गेली नाही ना, हे आधी तपासा.

शाम्पूच्या रिकाम्या पुड्या फेकू न देता एका पिशवीत साठवायला सांगा. चार जणांत एकच बाटली असेल, तर नावांचं कार्ड आणि पेन्सिल न्हाणीघराच्या बाहेर टांगा. आत कार्ड ओलं होतं आणि पेनाने लिहिलं तर शाई पसरते.

आठवड्याची वही एका रात्रीत भरलेली

एकाच शाईत, एकाच दमात उतरवलेले सारखे आकडे दिसले की ते आठवणीतून लिहिलेत असं समजा. वहीऐवजी रोज वापरलेल्या वस्तूंचा एक फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. पहिल्या दोन आठवड्यांची माहिती हिशोबात धरू नका. आपल्यावर लक्ष आहे म्हटल्यावर सुरुवातीला माणसं नेहमीपेक्षा टापटीप वागतात.

गळती

शेवटी 100 घरं हवीत आणि 30 टक्के गळतील असा अंदाज असेल, तर सुरुवात 143 घरांनी करावी लागते. पण निव्वळ संख्या भरून भागत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू आधी गळतात, आणि भाड्याच्या खोलीतल्या एकट्या तरुणाचा वापर चार माणसांच्या घरापेक्षा अगदी वेगळा असतो. नोंदणीच्या वेळीच करार संपण्याची तारीख विचारा आणि अशी घरं जादा घ्या. बदली घर त्याच प्रकारचं असावं, पण त्याला नवा क्रमांक द्या. जुन्या घराच्या ओळीत त्याचे आकडे पुढे जोडू नका. बारा महिन्यांत प्रत्येक ऋतू एकदाच येतो, त्यामुळे किमान 24 महिने हवेत आणि निदान घरांचा एक गट दोन्ही पावसाळ्यांत तोच राहायला हवा.