पोरांसोबत पाण्याचं रॉकेट उडवायचंय?
गोव्यात रॉकेट उडवायचं तर सकाळीच निघा, दुपारी समुद्राचा वारा सुटला की ते सरळ माडात जातं. भात कापलेलं मोकळं शेत बेस्ट, फक्त दाबोळी-मोपा विमानतळाच्या जवळपास नको. 2 लिटरची कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली घ्या, ओरखडे पडलेली अजिबात नको, फुटते. जुन्या प्लास्टिक फाइलचे 3 पंख चिकटवा (पुठ्ठा भिजतो), टोकाला क्लेचा गोळा. पाणी एक तृतीयांशच, जास्त भरलं तर हवेला जागा उरत नाही आणि रॉकेट जेमतेम उठतं. सायकल पंपाने हवेचा दाब 40-50 पीएसआय (पंपाच्या मीटरवरचं दाबाचं माप), त्यावर नको. पंप मोठ्यांनीच मारायचा, पोरं 10 मीटर मागे. लाँचरची (रॉकेट धरून ठेवणाऱ्या स्टँडची) ओढायची लांब दोरी मात्र सगळ्यात लहानाच्या हातात द्या, पाण्याचा फवारा सुटला की त्याचा चेहरा बघाच.