हरणं जाळीवर आपटायची, ते कसं थांबलं (माझा अनुभव)

आमच्याकडे लसीकरणासाठी हरणं जाळीच्या वाड्यात घ्यायची म्हटलं की नुसता गोंधळ, एक बिथरलं की अख्खा कळप जाळीवर जाऊन आपटायचा, कुणाचं तोंड सोललेलं तर कुणी लंगडतंय. कुंपण 2 मीटर उंच होतंच, पण प्रश्न उंचीचा नव्हताच, जाळीपलीकडे मोकळं दिसतं म्हणून ती तिकडेच धाव घेतात. मग वाड्याला आतून प्लायवूड ठोकलं, कोपरे गोल केले, वर पत्रे टाकून अंधार केला. अंधारात हरीण खरंच शांत उभं राहतं! शिवाय एरवीही गेट उघडं ठेवून खाद्य आतच टाकतो, त्यामुळे आता स्वतःहून येतात. माजावर आलेले नर मात्र वेगळेच ठेवा, त्यांच्यापुढे प्लायवूड काय टिकणार.