इराणी पोथीचे एक पान घरी कसे रंगवावे

इराणी दरबारांतील सचित्र पोथ्यांमध्ये सहसा आधी लेखनिक मजकूर लिहून जागा मोकळी सोडत असे आणि चित्रकाराला त्या उरलेल्या जागेतच गोष्ट बसवावी लागे. म्हणून सरावाचे पान करतानाही कुंचला नंतर उचलावा, गोष्टीच्या दोन-तीन ओळी आधी लिहाव्यात.

गोष्ट आपल्या घरचीच आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेले, तेथून अरबीत व पुढे फारसीत; त्यातील करटक-दमनक या कोल्ह्यांचे ‘कलीला व दिम्ना’ झाले आणि १४२९ मध्ये आजच्या अफगाणिस्तानातील हेरातला बायसुंगुर या तैमुरी राजपुत्रासाठी त्याची देखणी सचित्र प्रत तयार झाली. त्यातील दोन हंस आणि काठी तोंडात धरून उडणारे बडबडे कासव हा प्रसंग घ्यावा.

कागद दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरील कागजीपुऱ्याचा हातकागद असावा. तो रंग शोषतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी पातळ खळ द्यावी, सावलीत वाळवावा आणि गुळगुळीत फळीवर ठेवून अकीकाच्या दगडाने चकाकी येईपर्यंत घोटावा. घोटण्याचा कंटाळा करू नये. एकदा मी तो केला आणि हंसाच्या पिसाची बारीक रेघ ओल्या भिंतीवरच्या डागासारखी पसरली.

ओळी लिहून झाल्या की क्षितिज पानाच्या बरेच वर धरावे. या शैलीत दूरची वस्तू लहान न होता वर सरकते आणि सावली कोठेही पडत नाही. खाली गावकरी काढावेत, त्यांपैकी एकाचे बोट ओठांवर ठेवावे: इराणी चित्रांत आश्चर्य असेच दाखवतात, आणि ‘तोंडात बोट घालणे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही.

जुने चित्रकार हरताळ (पिवळा), हिंगूळ (लाल) व जंगाल (तांब्यापासूनचा हिरवा) हे रंग वापरत. पहिले दोन विषारी आहेत आणि जंगाल कालांतराने कागदच खाते, तेव्हा घरी दुकानातील अपारदर्शक जलरंगच बरे. आकाश व जमीन आधी सपाट भरावी, मग कपडे, आणि हात स्थिर असेल तेव्हा सर्वांत शेवटी चेहरे. मजकूर व चित्राभोवती सोनेरी रेघांची चौकट आखताना पुढच्या हंसाच्या पंखापाशी रेघ थांबवावी आणि तो पंख समासात जाऊ द्यावा.