तुटकी व्हिडिओ फाईल आणि जीस्ट्रीमरच्या एच२६४ पार्सरमधला बग

खानापूर साईडला पावसाळ्यात लाईट गेली की दुकानातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग मधेच तुटतंय, मग ती फाईल एका प्लेअरवर चालते दुसऱ्यावर अडकते, आणि पोरं ती डिलीट करून मोकळी होतात. डिलीट करू नका की! जीस्ट्रीमर म्हणजे व्हिडिओ चालवायला वापरतात ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर, एच२६४ म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, आणि पार्सर म्हणजे तो दाबलेला डेटा वाचून फ्रेम वेगळ्या करणारा कोड. हा पार्सर तपासायला अशी फाईल लई कामाची. व्हीटीयूच्या फायनल इयरची बरीच पोरं ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय म्हणत असतात, त्यांच्यासाठी लिहितोय, सी येत असलं म्हणजे बास.

पहिलं म्हणजे कोड उघडून बसू नका. एच२६४ पार्सरचा कोड हजारो ओळींचा आहे, वरून खाली वाचत गेलात तर संध्याकाळपर्यंत डोकं उठेल आणि बग काय सापडायचा नाही. आधी हेक्स डंप (फाईलचे बाइट हेक्स आकड्यांत) काढून बाइट्स बघा. कच्च्या एच२६४ मध्ये प्रत्येक तुकड्याआधी ०० ०० ०१ असा स्टार्ट कोड असतो, त्या तुकड्याला नॅल युनिट म्हणतात. स्टार्ट कोडनंतरच्या बाइटचे शेवटचे ५ बिट म्हणजे तुकड्याचा प्रकार: ७ असेल तर एसपीएस (पूर्ण व्हिडिओच्या सेटिंग), ८ पीपीएस (चित्रांच्या सेटिंग), ५ आयडीआर फ्रेम (मागच्या फ्रेमशिवाय उलगडणारी). हेक्समध्ये ६७, ६८, ६५ अशी रांग लागली की सुरुवात ठीक. एमपी४ मध्ये मात्र स्टार्ट कोड नसतात, तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते, तिथं शोधत बसू नका.

मग फाईल कापा. एसपीएस-पीपीएस तसेच ठेवायचे, रुंदी-उंची त्यातूनच निघते, आणि बग दिसतोय तोवर मागून अर्धं अर्धं उडवत जायचं. बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीचं दोन जीबी रेकॉर्डिंग कोण बघत बसणार, चार केबीचा तुकडा लगेच बघतील. हाच तुकडा एफएफएमपेग या दुसऱ्या ओपन सोर्स व्हिडिओ टूलच्या ट्रेस हेडर्स फिल्टरमधून काढा, तो हेडरमधल्या प्रत्येक फील्डची किंमत छापतो. जीस्ट्रीमरची किंमत जिथं पहिल्यांदा वेगळी दिसेल तिथं दोघांतला एक चुकतोय, कोण ते आयटीयू या संस्थेच्या एच२६४ स्टँडर्डमध्ये बघायचं, पीडीएफ फुकट मिळते.

जीस्ट्रीमरचं सोर्स २०२१ पासून एकाच रेपोत आहे, मेसन-निन्जा या बिल्ड टूलनं बिल्ड होतं, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) चालू ठेवूनच करा. डीबग लेव्हल एच२६४ पार्सर आणि बेसपार्स (सगळ्या पार्सरचा पाया) यांच्यासाठी ६ ठेवा. लॉगमध्ये एवढंच बघायचं की किंमतच चुकीची वाचली की किंमत बरोबर असून फ्रेम चुकीच्या जागी तुटली. पहिलं असेल तर बग कोडेकपार्सर्स लायब्ररीत, दुसरं असेल तर व्हिडिओपार्सर्स प्लगिनमध्ये. लायब्ररीतला बग प्लगिनमध्ये ठिगळ लावून झाकू नका, तीच लायब्ररी हार्डवेअर डीकोडरवालेही वापरतात.

सगळ्यात चिवट बग बफरच्या (पार्सरला एका वेळी मिळणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याच्या) सीमेवर असतो. स्टार्ट कोडचे दोन शून्य एका बफरच्या शेवटी आले आणि ०१ पुढच्या बफरात, तर पार्सरनं थांबून अजून डेटा मागायला पाहिजे, पण कोडनं 'इथं काही नाही' म्हणून पूर्ण बफर टाकून दिला तर ते दोन शून्य गेले आणि पुढची फ्रेमच गायब. नेटवर्कवरून येणाऱ्या व्हिडिओत हे कधीतरीच होतं म्हणून सापडत नाही. घरी मुद्दाम करून बघायचं तर फाईलसोर्स म्हणजे जीस्ट्रीमरमधला फाईल वाचणारा भाग, त्याचा ब्लॉकसाईज १ ठेवा, पण एवढ्यानं काही होत नाही बरं का, कारण फाईल थेट जोडली की पार्सर पुल मोडमध्ये जातो आणि हवा तेवढा डेटा स्वतःच ओढतो. मधे एक क्यू (डेटा रांगेत ठेवणारा भाग) टाका. मग एकेक बाइट पुढं ढकलला जातो आणि सीमेवरचं सगळं उघडं पडतं.

बाकीचे सोपे. आत चुकून स्टार्ट कोड बनू नये म्हणून एन्कोडर ०३ घुसवतो, तो काढायचा राहिला की पुढचं सगळं ८ बिटनं सरकतं. एसपीएसचा नंबर ० ते ३१, पीपीएसचा ० ते २५५, न तपासता ॲरेत घातला की क्रॅश. खाली हिरवी पट्टी दिसली तर क्रॉपिंग (जादा ओळी कापणं) बघा, १०८० ला १६ नं भाग जात नाही म्हणून आत १०८८ ओळी असतात.

फिक्सबरोबर टेस्ट लिहायचीच, तुकड्याचे बाइट सी ॲरेत टाकून, फिक्सशिवाय फेल आणि फिक्सनंतर पास झाली पाहिजे. मिरवणुकीतल्या लोकांचे चेहरे असलेली फाईल अपलोड करू नका. मग जीस्ट्रीमरचा कोड आहे त्या फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) टाका, इंग्लिश मोडकं असलं तरी चालतंय. फक्त मेमरीबाहेर लिहिणारा बग असेल तर आधी कॉन्फिडेन्शियलवर टिक करून इश्यू टाका, तुकडा तिथंच जोडा, आणि फिक्स रिलीज होईपर्यंत कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ती फाईल फिरवू नका.