आधी कान, मग तोंड : तैवानमधली मिशनची दोन वर्षं

मिशनचा कॉल, म्हणजे आमच्या मॉर्मन चर्चचं धर्मप्रचाराच्या नेमणुकीचं पत्र, उघडला आणि त्यात 'मँडरिन चिनी' लिहिलेलं दिसलं की त्या रात्री झोप लागत नाही. मला तरी लागली नव्हती. देश आणि भाषा आपण निवडायची नसते, चर्चकडून ठरून येते, हे लहानपणापासून माहीत होतं. पण सॉल्ट लेक सिटीजवळच्या आमच्या घरात मराठी आणि इंग्रजी सोडून तिसरी भाषा कधी कानावर पडली नव्हती. आजीने सांगलीहून फोनवर एकच विचारलं, "तिथे जेवायला काय मिळतं रे?"

हे लिहितोय ते आता कॉल आलेल्या मुलामुलींसाठी. धर्माबाहेरच्या कोणाला चिनी शिकायची असेल तर त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. २०१८ पासून चर्चने पूर्ण नाव वापरायची विनंती केली आहे, आणि तुम्हाला चिनीत पहिल्यांदा पाठ करावं लागतं ते हेच लांबलचक नाव : 'येसू चीतू होउ-छी शंग-थू च्याओ-हुइ', म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. ते छातीवरच्या काळ्या पट्टीवर असतं, वर तुमचं चिनी आडनाव आणि पुढे 'चांग-लाओ', म्हणजे एल्डर, मिशनवरच्या मुलग्यांना लावायची पदवी. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी जातात, मुली अठरा महिन्यांसाठी, नोव्हेंबर २०२५ पर्यंत एकोणिसाव्या वर्षापासून आणि आता त्याही अठराव्यापासून. खर्च आपला आपण करायचा. अमेरिकेतून जाणाऱ्यांना जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, मग नेमणूक कुठेही असो. मी दोन उन्हाळे एका गोदामात काम करून पैसे साठवले, उरलेले बाबांनी घातले. याची तयारी लवकर सुरू करा.

आधी अमेरिकेतल्या प्रोव्हो शहरातलं मिशनऱ्यांचं ट्रेनिंग सेंटर. मँडरिनवाल्यांना तिथे साधारण नऊ आठवडे मिळतात. शिकवणारे बहुतेक नुकतेच मिशन संपवून आलेले विद्यार्थी असतात. पहिल्याच आठवड्यात ते तुम्हाला समोर बसवून चिनीतून प्रार्थना करायला लावतात. 'छिन-आय त थ्येन-फू', प्रिय स्वर्गीय पित्या, इथून सुरुवात. मला वाटलं होतं की प्रार्थना अशी परक्या शब्दांत अडखळत केली तर ती पोचणार नाही. चौथ्या दिवशी ती भीती गेली. शब्द कमी असले की माणूस नेमकं तेवढंच मागतो.

मराठी मुलांना उच्चारात मोठा फायदा आहे, आणि तो कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबतो. चिनी शब्द रोमन लिपीत लिहितात तेव्हा जिथे 'बी' अक्षर दिसतं तिथे उच्चार आपल्या 'प'चा असतो, आणि 'पी' दिसतं तिथे 'फ'चा, दोन्ही ओठ मिटून केलेल्या जुन्या 'फ'चा. तसंच 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख'. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या कानात जन्मापासून आहे. 'पाओ' म्हणजे पोट भरलेलं, 'फाओ' म्हणजे धावणं. रोमन अक्षराला भुलून 'बाओ' म्हणू नका. आणखी एक भेट म्हणजे आपला दोन प्रकारचा च. 'चाय-च्येन' म्हणजे पुन्हा भेटू. यातला पहिला च चाकातला आणि दुसरा चहातला! माझ्या अमेरिकन सोबत्याला (मिशनरी जोडीनेच राहतात) हे साधायला दीड महिना लागला. मी वहीत देवनागरीतच लिहायचो आणि चाकातल्या च खाली टिंब द्यायचो.

सूर मात्र आपल्यालाही नव्यानेच शिकावे लागतात. एकच 'हो' चार तऱ्हेने म्हणून बघा : वरच्या पट्टीत सरळ धरलेला, आश्चर्याने वर चढणारा 'हो?', शंकेने खाली जाऊन परत वर येणारा, आणि खाडकन तोडलेला 'हो!'. आपल्याकडे यातून भाव बदलतो, तिथे शब्दच बदलतो. आपली खोड अशी, की प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट आपोआप वर जातं आणि शेवटच्या शब्दाचा सूर बिघडतो. ही खोड मोडायला मला सहा महिने लागले. तिसऱ्या सुराचे दोन शब्द लागोपाठ आले की त्यातला आधीचा शब्द दुसऱ्या सुरात म्हणतात, त्यामुळे 'नी हाओ' लिहिल्याप्रमाणे म्हणत नाहीत. भाषाशास्त्रात यालाही संधीच म्हणतात.

मग तैवान. चीनच्या मुख्य भूमीवर आमचे मिशनरी जात नाहीत. तैवानमध्ये पहिले चौघे जून १९५६ मध्ये उतरले. माझी नेमणूक तायचुंग मिशनमध्ये होती आणि सर्वांत जास्त काळ मी चियायी शहरात राहिलो. साडेसहाला उठायचं, व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचा अभ्यास, सोबत्याबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास आणि मग हेल्मेट घालून सायकलवर बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद. सोबती चोवीस तास बरोबर असतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, पहिले बारा आठवडे मात्र अनुभवी सोबती तुम्हाला घडवतो.

नऊ आठवड्यांत मी बोलायला शिकलो होतो, ऐकायला नाही. याची तयारी तुम्ही माझ्यापेक्षा बरी करून जा. पहिल्या दाराशी मी पाठ केलेली चार वाक्यं स्वच्छ म्हणालो. त्या गृहस्थांनी भराभर काहीतरी उत्तर दिलं आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ते म्हणाले होते की आम्ही 'पाइ-पाइ' करणारे आहोत, म्हणजे घरात उदबत्ती लावून देवांची, पूर्वजांची पूजा करणारे. पुढे हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. आजीच्या देवघरासमोर बसलेला मुलगा मी, मला ते कळायला हवं होतं, त्यावर काही विचारता यायला हवं होतं. म्हणून सांगतो : धर्माचे धडे पाठ करण्याआधी विचारण्याची वाक्यं शिका. 'पुन्हा एकदा सांगाल का?' 'हळू बोलाल का?' 'या शब्दाचा अर्थ काय?' 'तुमच्या घरी हे कसं करतात?' शेवटच्या प्रश्नाने माझ्यासाठी जितकी दारं उघडली, तितकी कुठल्याही धड्याने उघडली नाहीत.

चियायीच्या बाजारात पेरू विकणाऱ्या एक आजी होत्या. मी त्यांना म्हणालो, मला पेरू विकायचे आहेत. 'माय' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, चौथ्यात विकणं. आपल्याकडेही 'विकत घेणं' आणि 'विकणं' एकाच मुळाचे आहेत, पण ते तेव्हा सुचलं नाही. आजींनी हातातली पिशवी खाली ठेवली, बोटाने हवेत खोलगट रेघ काढली, मग सरळ खाली जाणारी, आणि माझ्याकडून दोन्ही पाच-पाच वेळा म्हणून घेतलं. त्यानंतर दर सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्याकडे जायचो. त्या तैवानी भाषा मिसळून बोलत. 'च्या पा ब्वे', जेवलास का, हे मी त्यांच्याकडून शिकलो. दक्षिणेत म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं तर तैवानीतली दहा-वीस वाक्यं यायलाच हवीत.

आणि चहा. तिथे पाहुण्यापुढे आधी चहा येतो, आणि १८३३ पासूनच्या आमच्या आरोग्यनियमात चहा-कॉफी बसत नाही. माणूस प्रेमाने ओततो आहे आणि आपण नाही म्हणतो आहोत, याचं मला दर वेळी वाईट वाटे. नुसतं 'पीत नाही' म्हणून थांबू नका, लगेच पाणी मागा : 'ह श्वेइ च्यो हाओ', पाणी चालेल. यजमानाला काहीतरी देता आलं पाहिजे. दुकानात 'तोंग-क्वा छा' मिळतो. नावात चहा असला तरी तो कोहळ्याचा असतो, चहापत्ती नसते, उन्हाळ्यात सायकलवरून उतरल्यावर फार बरा वाटतो.

लेखनासाठी तैवानी मुलांची उच्चार दाखवणारी ३७ चिन्हांची 'चू-इन' पद्धत शिका. ती 'प फ म' अशा ओठांच्या वर्णांपासून सुरू होते आणि पुढेही उच्चारस्थानानुसार गट पडतात, बाराखडीवर वाढलेल्याला आठवड्यात येते. लहान मुलांच्या पुस्तकांत अक्षरांशेजारी हीच चिन्हं छापलेली असतात, तीच पुस्तकं आधी वाचा. अक्षरं दिवसाला पाच पुरेत, पण रस्त्यातल्या पाटीवर त्यातलं एखादं दिसलं की सायकल थांबवून बघा.

फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. आठव्या महिन्यापासून फोनवर माझ्या मराठीत चिनी शब्द यायला लागले, आणि साधा 'कदाचित' शब्द आठवेना. आई गप्प झाली. तेव्हापासून मी दर सोमवारी आजीला एक पानभर मराठीत लिहायला लागलो : काय जेवलो, कोण भेटलं, पेरूवाल्या आजी काय म्हणाल्या. ती उत्तरात माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून पाठवायची, आणि शेवटी त्या आजींची खुशाली विचारायची.