घशात अडकणाऱ्या वस्तू ओळखण्यासाठी पुठ्ठ्याची नळी

रांगणारे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि त्यातले काय घशात अडकेल, हे नुसत्या नजरेने ठरवणे अवघड असते.

त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची १२ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद पट्टी कापावी, एका टोकापासून १० सेंटीमीटरवर रेघ मारावी आणि ते टोक बरोबर रेघेवर येईल अशी पट्टी गुंडाळून उरलेला भाग बाहेरून चिकटवावा. ही सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाची नळी झाली. जी वस्तू न दाबता तिच्यात पूर्ण मावते, ती ३ वर्षांखालील मुलाच्या हाती लागता कामा नये.

तपासणी जमिनीवर बसूनच करावी, कारण उभ्याने दिवाणाखालचे काहीच दिसत नाही. कोल्हापुरातल्या घरांत गौरी-गणपतीच्या सजावटीचे मणी, सुटलेल्या साजाच्या पानड्या, जोडवी, चिंचोके आणि नाणी अशाच जागी सापडतात. शेंगदाणे आणि फुटाणे यांना नळी लावण्याचीही गरज नाही. ते लहान मुलांपासून दूरच ठेवावेत. चेंडू मात्र ४.५ सेंटीमीटरपेक्षा मोठाच असावा, आणि फुगा किंवा त्याचा तुकडा नळीच्या भरवशावर कधीही देऊ नये.

रिमोट किंवा खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता आणि त्रास सुरू होण्याची वाट न पाहता त्याला तत्काळ कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.