परदेशी क्लायंटच्या बदलत्या रिक्वायरमेंट्स: या चुका टाळा

‘क्लायंट सारखा काहीतरी बदलत असतो’ ही तक्रार हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर ऐकू येते. तक्रार खरी असते, पण अर्धी. ज्याच्या धंद्यात काही बदलतच नाही तो नवं सॉफ्टवेअर कशाला बनवून घेईल? बदल येणारच. प्रोजेक्ट बहुतेक वेळा अडतो तो बदल एका गावात पोचला आणि दुसऱ्या गावात पोचला नाही म्हणून. न्यूयॉर्कला ठरलेली गोष्ट पुण्यातल्या डेव्हलपरला कळते, पण तिसऱ्याच देशात बसलेली टेस्टिंग टीम जुन्याच नियमाने डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअर चुकल्याच्या नोंदी, टाकत राहते. मग आठवडाभर डिफेक्ट कुणाचा यावर मेलामेली.

‘छोटासाच बदल आहे’ म्हणून तोंडी घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, ऑनलाइन कपडे विकणारा अमेरिकेतला क्लायंट आहे. कॉल संपता संपता तो म्हणतो, ऑर्डर रद्द करायची मुदत १२ तासांवरून २४ तास करून टाका. क्लायंटकडे बसलेला आपला माणूस, म्हणजे ऑनसाइट कोऑर्डिनेटर, ‘शुअर’ म्हणून मोकळा होतो. कोडमध्ये एकच आकडा बदलायचा असतो, डेव्हलपर तो तासाभरात बदलतो.

पण गोदामाला ‘माल पॅक करा’ हा निरोप बाराव्या तासाला जात असतो. म्हणजे ट्रकमध्ये चढलेली ऑर्डरही आता ग्राहक रद्द करू शकतो. ग्राहकाला जाणाऱ्या मेलमध्ये १२ तासच लिहिलेलं असतं, कॉल सेंटरच्या स्क्रीनवरही तेच. पैसे परत करणारा, रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम (जॉब) दुसऱ्याच व्हेंडरकडे. शिवाय २४ तास मोजायचे कधीपासून, ऑर्डर दिल्यापासून की पेमेंट झाल्यापासून? बदल लाइव्ह जाईल त्या दिवशी अर्ध्या वाटेवर असलेल्या ऑर्डरींना जुना नियम की नवा? यातलं काहीही विचारायला कॉलमध्ये वेळ उरलेला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं कुणी हे ठरलेलं नसतं.

म्हणून आकड्याएवढा बदल असला तरी त्याचं टिकेट, म्हणजे कामाच्या सिस्टीममधली सगळ्यांना दिसणारी नोंद, हवं, आणि त्या टिकेटमध्ये ‘मुदत २४ तास करणे’ एवढीच ओळ नको. आधी काय होतं, आता काय हवं, का हवं, कुणी मंजूर केलं, कोणत्या तारखेपासून लागू, जुन्या नोंदींचं काय, आणि कोणकोणत्या टीमला हात लावावा लागेल, हे त्यात असलं पाहिजे. ‘का हवं’ हा रकाना लोक हटकून रिकामा सोडतात. खरं तर सगळ्यात उपयोगी तोच. ग्राहक चुकून दोनदा ऑर्डर देतात म्हणून मुदत वाढवायची आहे असं कळलं, तर एखादा डेव्हलपर म्हणेल, मग ऑर्डर देतानाच सूचना दाखवू या की, गोदामाला हातही लावायला नको.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. इतकी जुनी गोष्ट आहे, तरी अजून लोक यात फसतात.

शंका मेलवर, चॅटवर, चहावर. नोंदीत मात्र नाही

नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचताना नष्ट झालं. डेन्व्हरच्या टीमचं सॉफ्टवेअर आकडे पाउंडाच्या एककात देत होतं आणि कॅलिफोर्नियातली टीम ते न्यूटनच्या एककात समजून वापरत होती. फरक जवळजवळ ४.४५ पट. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. कमी सांगितला जाणारा भाग असा, की मेट्रिक एककं वापरायची ही अट स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली होती, आणि यानाचा मार्ग बघणाऱ्यांना काहीतरी जुळत नाही हे आधी जाणवलंही होतं. पण शंका नोंदवायची जी ठरलेली पद्धत होती ती नीट पाळली गेली नाही. बोलणं इकडेतिकडे, अनौपचारिकच राहिलं.

आपल्याकडे याचं रोजचं रूप ओळखीचं आहे. क्लायंटसमोर सगळे म्यूटवर, आणि कॉल संपला रे संपला की मराठीत खरी मीटिंग सुरू. ‘हे त्याच्या मागच्या महिन्यातल्या बोलण्याशी जुळत नाही रे’ हे वाक्य तिथे निघतं आणि तिथेच विरतं. ज्युनियर लोकांना कॉलवर बोला म्हणून दटावून फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा कॉलनंतरची ही मीटिंग अधिकृत करून टाका. तिच्यात निघालेली प्रत्येक शंका त्याच संध्याकाळी टिकेटवर, नावानिशी, क्लायंटला दिसेल अशी गेली पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलेला निर्णय निर्णय धरू नका. ग्रुपवर ठरलं तर ठरू द्या, पण टिकेटवर येईपर्यंत त्यावर कोड लिहायचा नाही, एवढा नियम पुरतो.

घड्याळ गृहीत धरणं

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत भारत, अमेरिका, युरोप या तिन्ही ठिकाणांना सोयीची म्हणून ठरवलेली वेळ कुणाला तरी गैरसोयीची होते, आणि जो माणूस कॉलला नसतो नेमका त्यालाच बदल कळत नाही.

त्याहून मोठी गळती सोमवारी असते. सोमवारी सकाळी दहाला पुण्यात शंका निघाली तेव्हा न्यूयॉर्कला रविवारच्या मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते. उत्तर येईतो आपली संध्याकाळ, म्हणजे काम मंगळवारी. तीच शंका शुक्रवारी दुपारी पाठवली असती तर क्लायंटच्या शुक्रवारात बसली असती. म्हणून पुढच्या आठवड्यात हाती घ्यायच्या बदलांचं वाचन गुरुवारी-शुक्रवारी करून टाका. आणि उत्तर येईपर्यंत काय गृहीत धरून काम चालू ठेवतोय तेही शंकेसोबत लिहा: ‘उत्तर नसेल तर पेमेंटपासून तास मोजतो.’ क्लायंटला लांबलचक उत्तर लिहायचा कंटाळा असतो. चुकीचं गृहीतक खोडायला मात्र तो तत्पर असतो.

गणपती, दिवाळी, थँक्सगिव्हिंग, नाताळ हे सगळं एकाच कॅलेंडरवर मांडा. यावर जास्त बोलायची गरज नाही.

‘आपण अजाइल आहोत ना’

अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. तिच्या २००१च्या जाहीरनाम्यात योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला जास्त किंमत दिली आहे. त्याचा सोयीस्कर अर्थ असा निघतो की चालू स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या चालू छोट्या टप्प्यात, कुणीही काहीही टाकावं. आणि बऱ्याचदा काँट्रॅक्ट असतं फिक्स्ड प्राइसचं! पैसा ठरलेला, तारीख ठरलेली, स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, मात्र उघडा. यात ऑफशोअर, म्हणजे इथे भारतात बसलेल्या, टीमच्या शनिवार-रविवारचा बळी जातो, दुसरं काही होत नाही. स्प्रिंटमध्ये नवं काही आत येत असेल तर तेवढ्याच आकाराचं काय बाहेर जाणार हे प्रॉडक्ट ओनरकडून (कुठलं काम आधी हे ठरवणाऱ्याकडून) त्याच टिकेटवर लिहून घ्या. बाहेर काढायला काहीच नसेल तर सीआर (चेंज रिक्वेस्ट, म्हणजे जादा कामाची वेगळी मागणी) काढा आणि बिल लावा. मॅनेजर लोक इथे संबंध बिघडतील म्हणून कचरतात. माझ्या मते संबंध बिघडतात ते तीन महिन्यांनी एकदम दाखवलेल्या बिलाने.

याच्या उलट, प्रत्येक बदलासाठी तीन सह्या आणि पंधरा दिवसांची कमिटी लावली की लोक आडवाटा शोधतात. युरोपात २५ मे २०१८ला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, भारतात १ जुलै २०१७ला जीएसटी; असे बदल कमिटीच्या बैठकीची वाट बघत नाहीत. छोट्या बदलांचा निर्णय एका माणसाकडे द्या, आणि तो रजेवर असताना कुणाकडे तेही ठरवून ठेवा.

बिघाड नेमका कुठे आहे हे बघायचं असेल तर

गेल्या रिलीजमधले कुठलेही तीन बदल उचला आणि उलटे चालत जा. लाइव्ह कोडवरून टिकेट सापडतं का? टिकेटवरून मंजुरी? मंजुरीवरून टेस्ट केस, म्हणजे तो बदल तपासायची लिहून ठेवलेली चाचणी? टिकेटच सापडत नसेल तर बदल तोंडी येतायत. टिकेट आहे पण टेस्ट केस जुनीच असेल, तर टेस्टिंग टीम निरोपाच्या साखळीबाहेर आहे. सगळं आहे, तरी यूएटीमध्ये (क्लायंट स्वतः वापरून बघतो त्या शेवटच्या चाचणीत) क्लायंट म्हणतो ‘हे मागितलंच नव्हतं’, तर मंजूर करणारा आणि वापरणारा या वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि तुम्ही फक्त पहिल्याशी बोलताय.

हे करताना रद्द झालेले बदलही तपासा. बदल आला की दहा जणांना मेल जातो. तोच बदल मागे घेतला की मंजूर करणाऱ्या दोघांत बोलणं होतं आणि विषय संपतो. तिकडे कुणीतरी अर्धवट कोड एखाद्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत, ठेवून दिलेला असतो, आणि पुढच्या रिलीजला तो मुख्य कोडमध्ये मर्ज होतो. बदल रद्द झाला की टिकेट नुसतं बंद करू नका. कारण लिहा, लिहिलेला कोड कुठे आहे त्याची नोंद करा, आणि आधी ज्या दहा जणांना मेल गेला होता त्याच दहांना पुन्हा पाठवा.